काचा थरथरल्या पाहिजेत

मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू येतं. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण माझी सख्खी मोठी बहीण, ताई, गेली कित्येक वर्षं माझ्याशी ओरडून बोलते. कारण तिची समजूत आहे की मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ती समजूत मीच करून दिलेली आहे. तिच्या घरी गेलो की मी मान वळवून उजवा कान पुढे करतो, "काय म्हणालीस?" असं विचारतो, आणि ती बिचारी पदराला हात पुसत पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगते की चहात साखर कमी घातली आहे. परत येताना रिक्षात बायको म्हणते, "घरी तर दूध उतू जायला आलं की आतल्या खोलीतून कळतं तुम्हाला." मी बाहेर बघत राहतो.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला की हे सगळं फार जवळ येतं. पाऊस दमलेला असतो, ऊन अजून ठरलेलं नसतं. वाळत घातलेले कपडे सुकतात पण त्यांचा वास जात नाही. आणि आमच्या कॉम्प्लेक्सच्या मैदानात नवरात्रीच्या आवाजाची तयारी सुरू होते. टेम्पोतून काळे खोके उतरतात, एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढे उंच. कुणीतरी माइकमध्ये फुंकर मारतं. मग एक ठोका येतो. तो कानाला नंतर कळतो. आधी खिडकीच्या काचा बोलतात, मग ताटाळ्यातली ताटं, मग माझ्या बरगड्या. मी उठून खिडकी लावतो. लावून काही होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? असले ठोके तयार करण्याचाच माझा धंदा होता.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मीरा रोडला तेव्हा इमारती आधी आल्या होत्या आणि माणसं मागून येत होती. एका अर्ध्या रिकाम्या बिल्डिंगखाली माझा गाळा होता. समोर कच्चा रस्ता, पलीकडे मिठागरं. उन्हाळ्यात मिठाचे ढीग पांढरे दिसत, पावसाळ्यात नुसता चिखल आणि बगळे. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून मी गाड्यांना टेप बसवायचं काम सुरू केलं होतं. सुरुवातीला लोक फक्त टेप मागायचे. मग मागच्या काचेखाली दोन स्पीकर मागायला लागले. आणि मग एकदम, जणू साथ यावी तसा, वूफर आला. बारा इंची, काळा, जाड आवाजाचा, डिकीत बसवायचा. ज्याच्याकडे गाडी त्याला तो पाहिजेच होता.

त्याच सुमारास भाऊजींचा कारखाना बंद पडला. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. महाडकडचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ते पॉलिशला होते. संध्याकाळी घरी आले की नाकपुड्या काळ्या असत. पण ते त्यांचं पोटाचं काम. खरं काम ढोलकी. आमच्या बुद्धविहारातल्या गायन पार्टीत ते ढोलकी वाजवायचे आणि खारी गावापासून पार कल्याणपर्यंत त्यांना बोलावणी असायची. मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, या माझ्याकडे. दोघं मिळून करू." ते तोंडातली तंबाखू सावरत म्हणाले, "मी काय करू तुझ्याकडं? वायर कुठली लाल, कुठली काळी, एवढंच कळतंय मला." मग दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन हजर.

खोके ते बनवायला लागले. वूफर नुसता काही वाजत नाही. त्याला प्लायवूडचा खोका लागतो आणि सगळी गंमत त्या खोक्यात असते. खोका चारी बाजूंनी बंद केला तर आतली हवा वूफरच्या पडद्याला मागून धरून ठेवते. ठोका येतो आणि जिथल्या तिथे थांबतो. आवाज जरा कमी, पण नेटका. त्याच खोक्याला भोक पाडून नळाच्या पाइपचा तुकडा बसवला, की आतली हवाही बाहेर येऊन वाजायला लागते. आवाज दुप्पट वाटतो. फक्त प्रत्येक ठोक्याला शेपूट फुटतं. गाणं कुठलंही लावा, खाली तोच एक हुंकार.

भाऊजी बंद खोक्याचे. त्यावरून आमचं रोज वाजायचं.

"हे बघ विजू," ते मांडीवर डावा तळवा दाबून दाखवायचे, "ढोलकीच्या धुमावर, जाड बाजूवर, थाप मारली की तळवा लगेच बसला पाहिजे. नाहीतर पुढची थाप कुठं पडायची? तुझ्या ह्या पाइपवाल्या खोक्यात कुणी तळवाच ठेवत नाय. नुसता रेडा हंबरतोय."

"गिऱ्हाईकाला रेडाच पाहिजे, भाऊजी."

"मग गोठा काढ. दुकान कशाला काढलंस?"

हसायचो आम्ही. पण पाटी माझी होती, त्यामुळे पाइप बसायचा.

आमच्या घरात पितृपक्ष पाळत नाहीत, आम्ही बौद्ध. पण गिऱ्हाईक पाळायचं. त्या पंधरवड्यात नवी वस्तू कुणी घरी नेत नसे आणि घटस्थापनेला मात्र सगळ्यांनाच पाहिजे असे. तेव्हा सोसायट्यांना ऑर्केस्ट्रा परवडत नसायचे. कंपाउंडमध्ये एखाद्याची व्हॅन उलटी लावायची, डिकी उघडायची, की झाला गरबा. म्हणून आमची एक रीत पडली होती. पितृपक्षात गाडी आणायची, वूफर बसवायचा, वाजवून तपासायचा आणि परत काढून दुकानात ठेवायचा. घटस्थापनेला हार-नारळ घेऊन मालक आला की पुन्हा बसवायचा. म्हणजे वस्तू नवरात्रात घेतली. पितरांची फसवणूक नाही आणि गरबाही चुकला नाही. सगळ्या गाड्यांची तपासणी त्यामुळे त्या पंधरवड्यात एकावर एक यायची. दिवसभर दुसरं कामच नाही, नुसते ठोके.

तपासणी म्हणजे काय ते सांगतो. मोठा वूफर लावला की गाडीचा पत्रा कुठून तरी खडखडतोच. नंबर प्लेट, डिकीचं झाकण, सीटखालचा एखादा स्क्रू. तो खडखडाट बाहेरून सापडत नाही. एकानं काचा लावून आत बसायचं, डिकीकडे तोंड करून गुडघ्यावर, आणि दोन्ही तळवे पत्र्यावर फिरवत कान लावून शोधायचं. दुसऱ्यानं पुढे बसून आवाज वाढवत न्यायचा. आतल्यानं बोट दाखवलं की तिथे डांबरी शीटचा तुकडा चिकटवायचा. मग आवाज आणखी वर.

आत भाऊजी बसायचे. पुढे मी.

आणि माझ्या कानांत कापूस असायचा. मेणात भिजवलेला, घट्ट. तेव्हा केस कानावर येतील एवढे वाढवायची फॅशन होती, माझेही होते. कुणाला दिसत नसे. आयटीआयमध्ये आमच्या मास्तरांनी एकदा फळ्यावर कानाचं चित्र काढून सांगितलं होतं, की आत गवतासारखी बारीक लव असते, मोठ्या आवाजात ती जळते आणि पुन्हा उगवत नाही. वर्गातली पोरं हसली होती. मी हसलो नव्हतो. मला ते नीट कळलं होतं आणि नीट लक्षात राहिलं होतं.

मग भाऊजींना कापूस का दिला नाही? ह्या प्रश्नाला मी बरीच उत्तरं करून पाहिली आहेत. विसरलो, असं एक. ते ऐकले नसते, असं दुसरं. खरं उत्तर असं आहे, की कापूस घातला असता तर त्यांना खडखडाट सापडला नसता. त्यांचा कान उघडा असणं धंद्याला लागत होतं. गिऱ्हाईकं म्हणायची, "वो मास्टर को बिठाओ अंदर." मी बसवायचो.

त्या वर्षी जिगू आला. मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा, नवी कोरी पांढरी गाडी, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. त्याच्या सोसायटीची समोरच्या सोसायटीशी चुरस होती. दोन्ही कंपाउंडमध्ये गरबा, मध्ये एक भिंत. "बॉस, एक ही चीज बोलता हूँ," तो म्हणाला, "सामनेवाले का दबना चाहिए. काच थरथरना चाहिए उनका."

भाऊजींना का कोण जाणे, तो पोरगा आवडला. हात धुऊन ते म्हणाले, "ह्याला दोन्ही ऐकवूया. मग बघू." त्यांनी त्याच्यासाठी दोन खोके केले, एक बंद आणि एक पाइपचा. आधी बंद लावला. कुठल्याशा लग्नातल्या ढोलाची कॅसेट होती. ढोल असा आला, की समोर माणूस उभा राहून वाजवतोय. काठी कुठे पडते, कातडं कुठे सैल आहे, सगळं. जिगू डिकीजवळ सरकला. भाऊजी त्याच्याकडे बघत होते. पोराला पहिल्यांदा पोहायला सोडून काठावरून बघावं तसे.

"अच्छा है," जिगू म्हणाला. "सच में अच्छा है, मास्टर." मग रस्त्याकडे बघत, "लेकिन ये घर में बैठ के सुनने का है. बाहर कोई मुडके भी नहीं देखेगा. क्यों बॉस?"

त्यानं मला विचारलं होतं. भाऊजींनीही माझ्याकडे बघितलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की हा घे, चांगला आहे. मी म्हटलं, "दूसरा लगाता हूँ. उसमें और बढ़ा के देता हूँ."

चांगला आवाज ऐकायला माणसाला जवळ यावं लागतं. मोठा आवाज घरात घुसून माणसाला धरतो. तेव्हा आमच्या आसपास सगळ्यांनाच कुणाला तरी धरून हलवायचं होतं. नवीन गाव, नवीन इमारती, कुणी कुणाला ओळखत नाही. आम्ही इथे आहोत हे काचांना तरी कळू दे. जिगूला दोष देत नाही मी. तो फक्त मागत होता. द्यायचं की नाही, हे माझ्या हातात होतं.

जिगूच्या गाडीसाठी भाऊजी दिवसच्या दिवस आत बसले. आवाज वाढवला की नवा खडखडाट, तो दाबला की आणखी आवाज. बाहेर आश्विनाच्या आधीचं ते कुंद ऊन, आत लावलेल्या काचा, आणि घामानं निथळणारे भाऊजी तळवे फिरवतायत. मधूनच हाताची खूण करतायत, आणखी. मला आरशात त्यांची पाठ दिसायची. बनियनला घामाचा नकाशा.

एकदा ते बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला डोकं तिरकं करून उड्या मारायला लागले, कानात पाणी गेल्यावर मारतात तशा. मग माझ्याजवळ येऊन काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. कापूस होता.

"काय?" मी म्हटलं.

ते पुन्हा बोलले. मी पुन्हा "काय?" म्हटलं.

"अरे बहिऱ्या!" ते ओरडले आणि हसले. "कानात रातकिडे बसलेत म्हणतोय माझ्या! तुझ्या पण बसलेत वाटतं!"

मीही हसलो. म्हटलं, "होतं असं भाऊजी. झोपलात की जाईल."

ते झोपले. गेलं नाही.

घटस्थापनेला जिगूनं हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. समोरच्या सोसायटीच्या काचा थरथरल्या म्हणे. आमच्याकडे रांग लागली.

दसऱ्याला आमच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असतो. त्या दसऱ्याच्या संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं हॉलमध्ये दाटीनं बसली होती. ताई पुढच्या रांगेत, नव्या पांढऱ्या साडीत. गायन पार्टी मंचावर. भाऊजी पाना घेऊन ढोलकी सुरात चढवत होते. पेटीवाल्यानं सूर धरला. भाऊजींनी शाईवर बोट मारलं, मान हलवली, पाना फिरवला. पुन्हा बोट, पुन्हा पाना. पेटीवाल्यानं मान डोलावली, झालं म्हणून. सुरात लागली होती ढोलकी. मला खाली बसून कळत होतं. पण भाऊजींना ती उतरलेलीच वाटत होती. त्यांनी पाना आणखी फिरवला. गाणारे मागे वळून म्हणाले, "मनोहर, बस की रे." भाऊजी म्हणाले, "थांब, अजून बोलत नाय ती." आणि पाना फिरवला.

कातडं फाटलं. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. पोरं हसली. भाऊजीही हसले, ढोलकी वर धरून सगळ्यांना दाखवत म्हणाले, "कातडं जुनं होतं हो. म्हातारं झालं." कुणाची तरी दुसरी ढोलकी आणली, कार्यक्रम झाला. त्यांनी ती आपली चढवलीच नाही. जशी आली तशी वाजवली. ताईनं एकदा मागे वळून मला शोधलं. कशाला, ते माहीत नाही. मी चपला बघायच्या निमित्तानं बाहेर गेलो. बारीक, वरचे आवाज आधी जातात, हेही मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं.

इथे थांबलो असतो तरी मी आज थोडा बरा माणूस असतो. पण पुढच्या पितृपक्षात मी त्यांना पुन्हा आत बसवलं. त्यांना आता बारीक खडखडाट सापडत नव्हते, म्हणून ते आणखी वेळ बसायचे. आणि मी आवाज आणखी वर न्यायचो.

वूफरची ती साथ काही वर्षांनी ओसरली. गाड्या टेपसकटच यायला लागल्या. मी गाळा सोडला, नोकरी धरली. भाऊजींनी ढोलकी त्याआधीच सोडली होती. कारण विचारलं की म्हणायचे, "हात राहिला नाय." हात राहिला होता.

ताईनं त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि विचारलं, "कुठं काम करत होते?" ताई म्हणाली, "भांड्यांच्या कारखान्यात. मशीनचा लई आवाज असायचा हो तिथं." डॉक्टरांनी मान हलवली, त्यांना पटलं. कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, आणि दुकानात आले तेव्हा भाऊजी गाडीच्या इंजिनातली किरकिर रस्त्यापलीकडून ओळखायचे. मी दाराशी टेकून उभा होतो. त्या दिवसापासून आमच्या घरात ते ठरून गेलं: भाऊजींचे कान कारखान्यानं खाल्ले. बंद पडलेला कारखाना काही उलटून बोलत नाही.

बाहेर आल्यावर ताईनं मला विचारलं. सहज विचारलं, रिक्षा शोधता शोधता. "विजू, तू पण तर असायचास ना रे त्या आवाजात? तुला कसं काय नाय झालं?"

तेव्हाच मी म्हटलं, "मलाही डाव्या कानानं कमीच येतं, ताई."

तिनं माझ्या कानाला हात लावला. रस्त्यात, सगळ्यांसमोर. "अगं बाई," म्हणाली. "आणि बोलला नाहीस ते?"

आता ती दोघांशीही ओरडून बोलते. तिचा आवाज मूळचा बारीक होता. आई गेली त्या दिवशीही ती हळूच रडली होती. आता शेजारच्या नव्या बिऱ्हाडाला वाटतं, की ह्या घरात रोज भांडणं होतात. तिनं ओरडून विचारलेलं असतं, की मुगाची करू का मटकीची. कानाचं यंत्र आणलंय, पण भाऊजी ते कपाटात ठेवतात. त्यातून भांडीच आपटल्यासारखी ऐकू येतात म्हणे. ताईला कुणाशी कुजबुजून बोलताना मी कितीतरी वर्षांत पाहिलेलं नाही. लेक-जावयाबद्दल, दुखण्याबद्दल, माणूस खालच्या आवाजात जे बोलतो ते सगळं तिनं बोलायचंच सोडून दिलंय.

परवा गेलो होतो. त्यांच्याही बिल्डिंगखाली काळे खोके लागले होते. भाऊजी खिडकीत बसले होते, ग्रिलवर डावा तळवा ठेवून. ठोका सुरू झाला की त्यांचा चेहरा उजळायचा. सगळे आवाज गेले त्यांचे, आणि हा एकच उरला. हा कानातून येतच नाही. मला बघून मोठ्यानं म्हणाले, "पाइपवाला हाय, विजू! रेडा!" मग शेजारी बसलेल्या जावयाकडे वळून, नेहमीचंच: "कारखाना बंद पडला तेव्हा ह्यानं मला हात दिला. नायतर कुणाच्या बायकोचा भाऊ एवढं करतोय?" जावई माझ्याकडे आदरानं बघत होता. ताई आतून ओरडली, चहा टाकलाय म्हणून.

मी बोलायचं ठरवून गेलो होतो. दरवर्षी ठरवतो. पण भाऊजींना काही सांगायचं तर ओरडावं लागतं. आयुष्यभर जे ओठांवरही आणलं नाही, ते मला भाऊजींच्या तोंडासमोर तोंड नेऊन, जावयाच्या, शेजाऱ्यांच्या, भिंतींच्या देखत, शब्द तोडून तोडून ओरडावं लागेल. आणि ऐकू आलं नाही, तर ते "काय?" म्हणतील. मग पुन्हा ओरडावं लागेल. कागदावर लिहून दिलं तर ते वाचतील, चष्मा आहे त्यांना. तेही मी केलेलं नाही.

मी चहा प्यायलो आणि आलो.

भाऊजींना मला एवढंच सांगायचं आहे, की तुमचे कान जाणार हे मला माहीत होतं, आणि तरी मी तुम्हाला आत बसवत राहिलो. ताईला सांगायचं आहे, की तिनं रस्त्यात विचारलेल्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं. दोन्ही अजून सांगितलेलं नाही. मी त्यांचं देणं लागतो ते एवढंच.